मी गाळलेला एक शब्द

माझी जीभ लहानपणापासूनच तिखट. आई म्हणायची, "हिले चटनी देवानी गरज नही, कोरी भाकर बी खाई लेई." पुढे याच जिभेवर माझं पोट चाललं, आणि याच जिभेनं मी एक घर मोडलं. ते कसं, हे आता म्हातारपणी लिहून ठेवते आहे. ज्यांच्यापुढे लाज वाटावी अशी माणसं आता फारशी उरली नाहीत.

माझे वडील म्हणजे छपन्न्याच्या, म्हणजे एकोणीसशे सालच्या मोठ्या दुष्काळात मागे उरलेलं पोर. मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तिथंच सुतारकाम शिकले, तिथंच ख्रिस्ती झाले. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेत शुद्ध मराठी. दोन्ही येतात म्हणून एकोणिसाव्या वर्षी मला शहाद्याकडच्या आमच्या गावात मिशनच्या दवाखान्यात काम मिळालं. बाटल्या धुवायच्या, पुड्या बांधायच्या, किल्ली सांभाळायची, आणि मडमबाई काय म्हणतात ते बायकांना समजावून सांगायचं.

मडमबाई कुठल्याशा थंड मुलखातून आलेल्या. पुण्याच्या एका शास्त्रीबुवांकडे मराठी शिकल्या होत्या, त्यामुळे बोलायच्या ते जुन्या पोथीतून काढल्यासारखं. पोट धरून कण्हत असलेल्या बाईला त्या विचारायच्या, "आपणांस ही उदरव्यथा केव्हापासून आहे?" बाई माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हणायची, "पोट कव्हयपासून दुखी ऱ्हायनं वं?" मग बाई बोलायला लागायची. मडमबाईंना वाटायचं, मी जादू करते. मलाही वाटायचं.

आता एका शब्दाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. 'क्षमा' हा शब्द आमच्या बायकांच्या कानाला माहीतच नव्हता. आमचे उपदेशक याच मातीतले, ते म्हणायचे, 'गुन्हा सोडना'. देव आपला गुन्हा सोडतो, आपण दुसऱ्याचा गुन्हा सोडायचा. हे सगळ्यांना कळायचं. पण यातला 'गुन्हा' काढून टाकला आणि नुसतं 'तेले सोडी दे' म्हटलं, तर आमच्याकडची कुठलीही बाई एकच अर्थ घेते: नवऱ्याला टाक, काडीमोड कर. हे शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुष्कळ वर्षं लोकांनी ही गोष्ट भाषेच्या घोळाची गंमत म्हणून एकमेकांना सांगितली. घोळ नव्हता तो.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत एक जोडपं होतं. नवरा दुसऱ्याच्या शेतावर सालदार, बायको मजुरीला जायची. त्यांना एकच मुलगी, तीन वर्षांची. तिच्या जन्माच्या वेळी पाणी मी तापवलं होतं, पहिलं फडकं मी गुंडाळलं होतं. थोडी मोठी झाल्यावर ती दवाखान्यात येऊन माझ्या टेबलाखाली बसायची आणि रिकाम्या कुप्या एकीवर एक रचायची. लेकरू मला फार आवडायचं. त्या कार्तिकात तिला हिवताप आला. बाप तिला खांद्यावर टाकून डोंगरातल्या भगताकडं घेऊन गेला. दोन दिवस तिथं धूपधुपारा झाला, तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. औषध आमच्या कपाटात होतं, घरापासून हाकेच्या अंतरावर.

आठवडाभरानं तिची आई दवाखान्यात आली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. डोळे कोरडे होते. मला म्हणाली, "मडमबाईले इचार, मी आते काय करू? तो मन्ही पोरले भगतकडे लई गया. आठे दवाखाना व्हता. तेना म्होरे ताट कसं ठेवू मी?"

मी मडमबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या खाली जमिनीवर तिच्यासमोर बसल्या आणि हळूहळू, शब्द शोधत बोलल्या, "तिला सांग, हे फार कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु तिने त्याच्या अपराधाची क्षमा करावी. एकाच दिवशी होणार नाही. रोज थोडी करावी. मी तिच्यासोबत प्रार्थना करीन."

एवढं सगळं मला सांगायचं होतं, आणि सांगता आलंही असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या कुप्या होत्या. तो माणूस भगतापुढे बसला असेल आणि लेकरू तापानं फणफणत असेल, हे मला दिसत होतं. आणि त्याला क्षमा? उद्यापासून गरम भाकरी? माझं रक्त उकळलं.

मी म्हटलं, "मडमबाई सांगस, तेले सोडी दे."

तिनं मान वर केली. "सोडी दिऊ?"

"हा."

"देवनं बी असंच सांगनं शे का?"

"हा," मी म्हटलं.

तिला समजलं हे पाहून मडमबाई हसल्या आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. देवाचं नाव घेऊन मी निवाडा केला होता, आणि आशीर्वाद मात्र मडमबाईंच्या हातानं गेला. त्या वेळी मला अजिबात वाईट वाटलं नाही. उलट काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ती माहेरी निघून गेली. माहेर ब्राह्मणपुरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. चार दिवसांत तिच्या बापानं पंच बसवले, नवऱ्याला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर काडी मोडली. मडमबाईंना हे कळलं तेव्हा त्या पट्टी गुंडाळत होत्या. पट्टी हातातून सुटून जमिनीवर उलगडत गेली.

"मी तर क्षमा करावयास सांगितले होते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू माझे शब्द तिला यथायोग्य सांगितलेस ना?"

"हो, मडमबाई."

पहिल्या वेळी राग तरी होता. या वेळी निव्वळ भीती होती. नोकरी जाईल, वडिलांची मान खाली जाईल. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि सगळा दोष आपल्या मराठीवर घेतला. रोज दुपारी वही काढून त्या तेच वाक्य लिहायच्या आणि मला विचारायच्या, "इथे चूक आहे काय? की इथे?" मी म्हणायची, नाही, चूक नाही. मग त्या दुपारच्या जेवणाला नको म्हणायला लागल्या. भरलेलं ताट मीच परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची.

आणि तिचा नवरा. तो रोज सकाळी कामावर जाण्याआधी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचा. भांडायला येतो आहे असं वाटून मी मागच्या दारानं ये-जा करायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तो कधी कोणाला काही बोलला नाही. रविवारीसुद्धा चर्चच्या आत यायचा नाही, बाहेर भिंतीशी उकिडवा बसून गाणी ऐकायचा.

एक दिवस मागचं दार आतून अडकलं होतं, त्यामुळे मला पुढून यावं लागलं. तो उठून उभा राहिला. "सलाम, बाई," म्हणाला. "तुम्ही घाबरू नका. मडमबाईनी सांगं ते बरोबरच व्हई. देवनंच सांगनं व्हतं ते मी काय बोलू?"

त्याच्या त्या गरीबपणाचाच मला संताप आला. मी ताडकन म्हटलं, "तुम्ही पोरले आठे का नही आनं?"

त्यानं मुंडासं सोडून हातात घेतलं. मग म्हणाला, "आनं व्हतं."

"कव्हय?"

"बजारना दिन. दुपारले. कुलूप व्हतं. मी आठेच बठनू, पायरीवर, पोरले मांडीवर लीसन. लई येळ बठनू. ती फनफनी ऱ्हायनी व्हती. मंग एक मानुसनी सांगं, भगतकडे जाय, तो तरी घर सापडी."

माझ्या कमरेला किल्ली होती. बाजाराच्या दिवशी मडमबाई बाहेरगावी एका बाईच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. मला सांगून गेल्या होत्या, दवाखाना सोडू नकोस. मी कुलूप लावून मणियारणीच्या दुकानात गेले होते. बांगड्या भरायच्या होत्या. मिशनमध्ये बांगड्यांचा शौक बरा समजत नसत, म्हणून मडमबाई नसताना. ती चाची हात दाबत दाबत एकेक बांगडी चढवायची आणि मधे सगळ्या गावाच्या बातम्या सांगायची. दिवस कलला तेव्हा मी परत आले. पायरीवर कोणीही नव्हतं.

"तुम्ही कोनले सांगं का नही?" मी विचारलं.

"सांगीसन काय व्हई? पोर ते परत येत नही. किल्ली तुम्हनाकडे ऱ्हास. मडमबाईनी तुम्हले काढी टाकं असतं." मग म्हणाला, "तुम्हना बी जीव व्हता तिनावर."

डोक्याला मुंडासं बांधून तो कामावर गेला. बांगड्या माझ्या हातात, लांब बाहीखाली, तशाच होत्या, हिरव्या. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे मी रविवारच्या शाळेत लहान मुलांकडून पाठ करून घ्यायची. ज्या माणसाला मी क्षमेला लायक ठरवलं नव्हतं, तो माझा गुन्हा पोटात घालून रोज कामाला जात होता, आणि माझं गुपित त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यापायी त्याचं घर गेलं.

तरीही मी लगेच बोलले नाही. हे लिहिताना आजही तोंड कडू होतं. आणखी आठ दिवस मी गप्प राहिले.

मग शनिवार आला. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. आमच्या मंडळीत त्याची एक रीत होती, ती दुसरीकडे मी कुठं पाहिली नाही. आम्ही चटयांवर बसायचो, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, आणि द्राक्षरसाचा एकच पितळी पेला हातोहात फिरायचा. पेला जवळ आला की शेजारणीकडे वळून विचारायचं, "तुन्हा मन्हा काही शे का?" म्हणजे तुझ्या-माझ्यात काही आहे का. ती म्हणायची, "काही नही." मगच पेला तिच्या हातात द्यायचा. काही असलं तर पेला तिथंच थांबायचा. दोघींनी उठून बाहेर जायचं, मिटवायचं, परत यायचं. सगळी मंडळी तोवर बसून राहायची. एकदा दोन जावांनी आम्हाला दुपारपर्यंत बसवून ठेवलं होतं.

त्या शनिवारी सकाळी उपदेशकांच्या बायकोनं मला विहिरीवर सांगितलं, त्या लेकराच्या आईचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, तिच्या बापानं ठरवलं आहे. खापर गावाकडचा माणूस आहे, सोमवारी पाट लागणार. एकदा पाट लागला की परत फिरणं नाही.

घागर विहिरीवरच ठेवून मी मडमबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. गाळलेला शब्द, 'हो, मडमबाई' म्हटलेलं खोटं, कुलूप, बांगड्या. कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती वही पुढे ओढली, जिच्यात तेच वाक्य पानापानांवर लिहिलेलं होतं. त्यांचा चेहरा इतका पांढरा झाला की मला वाटलं त्या पडतील. मी शिव्यांची वाट पाहत होते. शिव्या बऱ्या असतात, त्या संपतात.

"मी तुझ्यासोबत येणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "माझे मराठी पुरणार नाही. तुझ्या मुखातून शब्द गेला आहे, तो तूच परत आण."

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. किल्ली माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "सोमवारी दवाखाना कोण उघडणार?"

मी तिथंच रडले असते, पण वेळ नव्हता. गोमाई नदीचं कोरडं पात्र ओलांडलं, ब्राह्मणपुरी मागे टाकली. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बायका होत्या. त्यांना वाटलं असेल, या पोरीला भूत लागलं आहे, कारण मी मोठमोठ्यानं बोलत चालले होते. वाक्यं जुळवत होते. बोलणं हाच जिचा धंदा, तिला एक वाक्य जुळत नव्हतं.

तिच्या बापाचं अंगण नुकतंच सारवलं होतं. पाटाची तयारी. बाप खाटेवर बसला होता, भाऊ दोरी वळत होता, ती सुपानं ज्वारी पाखडत होती. मी अंगणाच्या कडेलाच उभी राहिले आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हटलं, "मडमबाईनी तेले सोडी दे असं सांगंच नव्हतं. तेना गुन्हा सोडी दे, असं सांगं व्हतं. 'गुन्हा' मी गाळा. जानीसन गाळा."

सूप थांबलं. मी कुलपाचं सांगितलं. तो पायरीवर बसला होता हेही सांगितलं, त्यानं मला काय सांगितलं तेही. भाऊ दोरी टाकून उठला. बापानं खाटेखालची काठी काढली. मला खरंच वाटलं, आता मारतील, आणि पळायचं माझ्या मनात आलं नाही.

"थांब, बा," ती म्हणाली. सूप खाली ठेवून माझ्यासमोर आली. मडमबाईंसमोर कोरडे असलेले तिचे डोळे आता भरले होते.

"काबर?" तिनं विचारलं. "तू काबर असं करं?"

"माले तेना राग वना व्हता."

"राग?" ती म्हणाली. "पोर मन्ही. तेनी. राग मन्हा व्हता. तू काबर लिधा?"

तिच्याकडे मुलगी उरली नव्हती, फक्त राग उरला होता, आणि त्याचं काय करायचं हे ठरवायचा हक्क तिचा होता. तोही मी तिच्या हातातून काढून घेतला होता.

"माले माफ कर," मी म्हटलं. शहरातला शब्द, तोंडातून निघाला तो पोकळ.

ती वळली. परत जाऊन खाली बसली आणि सूप उचललं. "जाय आते," तिचा बाप म्हणाला. मी गेले.

रविवारी मी बायकांच्या चटईवर अगदी मागे, कोपऱ्यात बसले. माझ्यापाशी पेला आला की न पिता पुढे द्यायचा, असं ठरवलं होतं. गाणं चालू होतं. उघड्या दारातून तो दिसत होता, नेहमीसारखा भिंतीशी उकिडवा. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते आणि तरी बघत होते.

दुसरं गाणं संपता संपता रस्त्यावर ती दिसली. एकटी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, म्हणजे पहाटेच निघाली असणार. ती चर्चच्या दारापाशी आली आणि त्याच्यासमोर थांबली. तो उठला नाही, मान खाली घातली. ती काहीतरी बोलली. थोडंच बोलली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि ते बरं झालं; तिथं समजावून सांगणारीची गरज नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. ती तशीच उभी राहिली, त्याचं रडणं होईपर्यंत. मग तो उठला, मुंडासं सारखं केलं आणि कितीतरी आठवड्यांनी आत येऊन पुरुषांच्या चटईवर बसला. मडमबाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचा चष्मा हातात होता.

ती सरळ मागे आली. पुढे जागा असूनही माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला उन्हाचा आणि मातीचा वास येत होता. मी सरकून घेतलं. तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

पेला एकीकडून दुसरीकडे येत होता. 'तुन्हा मन्हा काही शे का?' 'काही नही.' 'काही शे का?' 'काही नही.' आवाज जवळ येत गेला आणि शेवटी पेला तिच्या हातात आला. ती प्यायली. पदरानं कड पुसली. आता तिनं मला विचारायचं होतं.

तिनं विचारलं नाही. ती म्हणाली, "तुन्हा मन्हा शे. बराच शे."

पेला थांबला. पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. रीतीप्रमाणे मी उठायला लागले, बाहेर जायचं म्हणून. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. तिचा अंगठा माझ्या मनगटावर होता, जिथं आदल्या दिवसापर्यंत बांगड्या होत्या.

"बठ," ती म्हणाली. "सोडी दिनं."

मी तिच्याकडे पाहिलं. सोडी दिनं, पण काय? माझ्या डोक्यात दोन्ही अर्थ उभे राहिले, आणि मी काय ऐकते आहे हे तिच्या लक्षात आलं. तिनं पेला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि शिकवणीतल्या पोराला सांगावं तसं, एकही शब्द न गाळता, सावकाश म्हणाली, "तुन्हा गुन्हा सोडी दिना."